उपाशी पोटी घेतलेली लस

मिनिट शून्य

सुई टोचून झाली, मी उठले, आणि विद्याधर नगरच्या लसीकरण केंद्राची भिंत हळूच माझ्याकडे चालत आली.

कुणीतरी खुर्ची पुढे सरकवली. "बसा, बसा! मतलब… पडायच्या आधी बसा."

मास्कच्या वर दोन डोळे, डाव्या दंडावर माझ्यासारखाच कापूस. आणि मराठी! जयपुरात! मी बसले.

मिनिट तीन

"सकाळी काय खाल्लं?"

"काही नाही. उपाशी यायचं असतं ना?"

"कोण बोललं?"

"रक्त तपासायला… आमच्या घरी सगळे उपाशीच जातात."

"इथे रक्त घेत नाहीत, मॅडम." डोळे हसले. "पाणी तरी?"

जूनचं ऊन, त्रेचाळीस डिग्री, आणि मी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. इंजिनिअर आहे मी. (हे त्याला सांगितलं नाही.)

मिनिट सात

आमच्यामध्ये एक खुर्ची होती, कुणी बसू नये म्हणून फुलीची चिकटपट्टी लावलेली. त्याने तिच्यावर डबा ठेवला. दहीभात, काकडी, डाळिंबाचे दाणे. शेजारी बाटली.

"छाछ… मतलब ताक. लस घेतली की भरपूर प्यायचं, असं आईचं म्हणणं."

"मग तुम्ही?"

"मी तीन पोळ्या खाऊन आलोय. आमच्या भीमाबाई, म्हणजे आई हो, उपाशी माणसाला दाराबाहेर सोडत नाहीत."

खायचं तर मास्क काढायला हवा. मी थबकले… तर त्याने लगेच तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेरच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहत बसला. माझं जेवण होईपर्यंत एकदाही वळला नाही.

पाठमोरा माणूस इतका आवडू शकतो?

मिनिट एकोणीस

"प्रबुद्ध. वडील रेल्वेत, अकोल्याहून बदली होऊन आले. मी इथेच वाढलो. आता इथल्याच सी-स्कीम भागात बँकेत आहे. माझी मराठी… थोडी तुटकी."

"कस्तुरी. नाशिकची. ऑफिसने पुण्याला बदली देऊ केलीये. सोमवारी उत्तर द्यायचंय."

"काय देणार?"

"हो म्हणणार. इथे माझं कुणी नाही."

तो काहीतरी बोलणार होता— मास्क हलला. मग त्याने नुसतीच बाटली पुढे केली. "अजून दोन घोट."

मिनिट तीस

नर्स म्हणाली, "मॅडमजी, अब जा सकते हैं."

मिनिट चाळीस

आम्ही बसलेलोच. तब्येत कळवायला म्हणून त्याने नंबर घेतला, पत्ताही.

शुक्रवार संध्याकाळ, ताप एकशे एक

पाणी?
प्यायले.
किती?
ग्लासभर.
झूठ.
…अर्धा.
उरलेला आत्ता.

शनिवार, दुपार

फोन. "खाली आलोय. फाटकाला पिशवी अडकवली आहे. मुगाची खिचडी, लिंबू, शहाळं. हळू उतरा, घाई नाही."

मी बाल्कनीत आले. तो स्कूटरला टेकून उभा, डावा हात अंगाशी धरलेला, कपाळावर ओला रुमाल.

"तुम्हालाही ताप आहे?"

"थोडा."

"आणि या उन्हात रेल्वे कॉलनीतून इथे? वेडा आहेस का तू?"

तू. तोंडातून निघून गेलं. वरून परत कसं घेणार?

"खिचडी थंड होईल म्हणून…"

"आधी पाणी पी. माझ्यासमोर."

त्याने मास्क खाली ओढला. पहिल्यांदा पाहिलं— टोकदार हनुवटी, दाढीचे खुंट, आणि लाजलेलं, अगदी साधं हसू. तो पीत राहिला, मी पाहत राहिले. स्वतः तापलेला असताना दुसऱ्यासाठी मुगाची डाळ निवडणारा माणूस असाच दिसत असणार.

रविवार

ताप उतरला. दोघांचाही. तरी तो आला, पुन्हा फाटकापाशी. मी जिना उतरून गेले, तीन हात लांब थांबले.

"मेल लिहिलास?" त्यानेही 'तू' उचललं होतं.

"लिहिलाय. पाठवला नाही."

"पुण्यात तुझे लोक असतील. जेवणाखाण्याची आबाळ नाही होणार. चांगलंच आहे की."

"चांगलं आहे," मी म्हणाले. "एवढंच सांगायला आलास?"

समोरच्या घरातल्या कूलरची घरघर. एक रिक्षा गेली. त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं.

"मला मराठीत नीट बोलता येत नाही, कस्तुरी."

"मग हिंदीत बोल."

"नको. हे… हे नीट बोलायचंय." त्याने श्वास घेतला. "थांब ना."

दोनच शब्द. एकही चूक नाही.

मी फोन काढला, मेल पुसून टाकला, आणि कोरा पडदा त्याच्यासमोर धरला.

"थांबलेय."