बेडकाच्या पिल्लांचं रक्त

जीवन गावित मला पहिल्यांदा दिसला तो पेठ-नाशिक एस.टी.त. मांडीवर बादली, बादलीत तीनशे बेडकाची पिल्लं.

"यांचं तिकीट?" कंडक्टर.

"पाच वर्षांखालची हायेत. शेपटी बघा ना."

कंडक्टरनं खरोखर वाकून पाहिलं. मी तिथेच प्रेमात पडले.

हे १९९९ साल. एम.एस्सी.च्या वर्गात तोच शेजारी बसलेला निघाला, आणि सरांनी आम्हा दोघांना एकच प्रकल्प दिला. बेडकाच्या पिल्लाची शेपटी जिरते तेव्हा त्याचं हिमोग्लोबिनही बदलतं. लहानपणीचं जनुक बंद, मोठेपणीचं सुरू. हे ठरवतात रक्तपेशीतलीच काही प्रथिनं. ती कशी, ते शोधायचं.

तुलनेला माणसाचं रक्त हवं होतं. त्यानं माझ्या बोटाला सुई टोचली, आणि बोट धरूनच ठेवलं...

"रक्त थांबलं का गं?"

"नाही," मी म्हणाले. थांबलं होतं.

मग त्याचंही रक्त घेतलं, दोघांच्या थेंबांच्या काचा हवा जाऊ नये म्हणून व्हॅसलिननं बंद केल्या, चहाला गेलो आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी पाहिलं – कोंडलेल्या दोघांच्याही पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या. सिकलसेल, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. आम्ही नुसते वाहक, आम्हाला काही होणार नव्हतं. आमच्या मुलांना मात्र, चारांत एकाला...

"आमचा धाकटा, बारकू, यानंच गेला," जीवन म्हणाला. "सात वर्षांचा. हाडं दुखतात म्हणून ओरडायचा."

"माणसाचंही लहानपणीचं जनुक पुन्हा सुरू करता आलं, तर आजार दबेल. मी शोधते."

"किती वर्षं?"

मी बादलीकडे पाहिलं. तिथेही कुणाला माहीत नव्हतं.

"मग मुलंच नकोत," मी म्हणाले. "माझ्या आईनं सहा नातवंडांची नावं ठरवलीत, ती कुत्र्यांना ठेवू."

तो हसला. "दहा वर्षांनी दुसऱ्याचा पाळणा बघून असंच बोलशील, तृप्ती?"

मला पटकन 'हो' म्हणता आलं नाही. तेवढ्यात तो उठून गेला.

२००४. मी नाशिकच्या एका रक्ततपासणी केंद्रात नोकरीला. जीवन आला, सोबत भाग्यश्री.

"लग्नाआधी हिचं बघून दे. दुसऱ्या कुणावर भरवसा नाय."

रिपोर्ट नॉर्मल. पुन्हा तपासलं, नॉर्मल. तिसऱ्यांदा तपासायचं कारण नव्हतं, तरी तपासलं.

बाहेर आले. "लग्न कर," मी म्हणाले.

भाग्यश्री लाजून दाराकडे निघाली. जीवन बाकावरच बसून माझ्या बोटाकडे बघत राहिला.