बंद दारातलं वजन

लिफ्ट चालवून बघणं हे तिचं काम नव्हतं. ते चाचणीवाले करायचे. दिवसभर वर, दिवसभर खाली. ती लिफ्टची उंची, वेग आणि आतला भार समीकरणांत मांडायची, संगणकावर पडताळणी सुरू करायची आणि चहाला जायची. होऊ शकणारी प्रत्येक हालचाल पडताळणी गणिताने तपासायची. नियम एकच: लिफ्ट मजल्याच्या पातळीतच थांबली पाहिजे. नियम कुठेच मोडत नसेल तर पडद्यावर ‘सिद्ध’ यायचं. नाहीतर तो मोडणारी एक हालचाल पुढ्यात यायची.

इस्पितळाच्या लिफ्टसाठी अशी एक आली. दार बंद, आत चोपन्न किलो. दुसरा मजला सुटतो आणि भार शून्य होतो. मोटरचा अंदाज चुकतो, लिफ्ट बोटभर वर थांबते.

तिला हसू आलं. चालत्या लिफ्टमधून माणूस जाणार कुठे? तिने एक ओळ घातली: दार बंद असताना भार बदलत नाही. लगेच ‘सिद्ध’ आलं.

बैठकीत साहेब तिचं तोंड भरून कौतुक करत होते. तिच्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला सगळे शंकासुर म्हणत. त्याने विचारलं, “काही गृहीत धरलंयस का?”

“नाही,” ती म्हणाली.

मग शंकासुर स्वतः त्या लिफ्टमधून जाऊन आला, पांढराफटक होऊन. तो आत असताना भाराचा आकडा क्षणभर शून्यावर गेला होता.

“डाएट लागू पडलं म्हणायचं,” साहेब म्हणाले. सगळे हसले. तीही हसली. सिद्ध झालेल्यात खोड काढतो म्हणून त्याला त्या कामावरून काढलं. सामान आवरताना तो तिच्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे, ती आता तरी बोलेल म्हणून. ती पडद्यात डोकं खुपसून बसली.

त्यानंतर तिला अन्न गोड लागेना. लिफ्ट रुग्णांसाठी सुरू व्हायची होती, त्या सकाळी ती इस्पितळात गेली. साहेब तिसऱ्या मजल्यावर होते. जिना होता, पण आपल्याच लिफ्टला भिऊन जिना चढायचा, याचीही तिला लाज वाटली.

दार मिटलं. भाराचा आकडा आला, चोपन्न.

साहेबांना काय सांगायचं याची ती जुळवाजुळव करू लागली. कानशिलं तापली. धरणीने पोटात घ्यावं, असं झालं.

दुसरा मजला गेला.

शून्य.

तिने पाय आपटला. आवाज झाला नाही.

दार उघडलं. समोर साहेब उभे होते.

“साहेब, मी खोटं बोलले. एक ओळ घातली होती.”

साहेबांनी आत डोकावलं. मग उंबऱ्याकडे पाहिलं.

“रिकामीच आली,” ते मागच्या कुणाला तरी म्हणाले. “आणि बोटभर वर थांबलीय. असू दे, सिद्ध झालंय ते.”

त्यांनी आत हात घालून तळमजल्याचं बटण दाबलं. तिथे पहिलं स्ट्रेचर थांबलं होतं.