बेटावर कुणी राहत नाही

त्या दिवशी आमचं काम अगदी साधं होतं. हिमनदीच्या पलीकडच्या खडकावर जीपीएसचं यंत्र ठेवलं होतं, त्याची बॅटरी बदलायची आणि जेवायच्या आत परत यायचं. लाईट येईपर्यंत वेळ आहे, म्हणून सांगते. ती मेणबत्ती जरा इकडे सरकवा.

बेटाचं नाव मी सांगणार नाही. पृथ्वीच्या पार दक्षिणेला आहे आणि तिथे कुणी राहत नाही. कधीच कुणी राहिलेलं नाही. आपल्या एखाद्या तालुक्याएवढंही नसेल. मधोमध झोपलेला ज्वालामुखी, त्याच्यावर डोक्यापासून पायापर्यंत बर्फ, आणि तो बर्फ चारी बाजूंनी कड्यासारखा समुद्रात तुटलेला. होडी लावायला जागाच नाही. बोट लांब उभी करायची आणि हेलिकॉप्टरनं उतरायचं. जुन्या दर्यावर्दींनी लांबूनच किनाऱ्याच्या टोकांना नावं देऊन ठेवली होती, पण नकाशात मधला भाग कोरा होता. तो भरायला आमची तुकडी गेली होती. मी तेव्हा शाहूपुरीतल्या एका नकाशांच्या ऑफिसात होते, नुकतंच लग्न झालेलं. सगळे नको म्हणत असताना हट्टानं गेले.

माझ्याबरोबर पृथ्वीराजदादा होते, नेसरीचे. फौजेत असताना त्यांनी हिमनदीवर ड्युटी केलेली, म्हणून रिटायर झाल्यावर अशा मोहिमांना त्यांना सोबत नेत. अख्ख्या बोटीवर मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यामुळे बर्फावर पाय ठेवला की त्यांचं तोंड सुटायचं. म्हशीनं कशी लाथ मारली, त्यांच्या बायकोनं, कालिंदीवैनींनी, बांधून दिलेली चटणी चाखून बोटीवरचा गोरा स्वयंपाकी कसा नाचला... हसून हसून मला धाप लागायची.

आमच्या दोघांच्या कमरेला एकच दोर होता. मी पुढे, ते मागे. मी भेगेत गेले तर त्यांनी धरायचं.

"ताई, पाय बघून टाका. हितं बर्फ पोकळ हाय," ते मागून सारखं सांगायचे.

वाटेत एक काळा कातळ लागला. त्यावर चढून मी ओरडले, "दादा, मी पोचले. दोर सोडा!" त्यांनी हूक काढला, आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो, परत हूक लावला आणि निघालो.

धुकं समुद्राकडून आलं. आलं म्हणजे काय, आधी क्षितिज गेलं, मग कातळ गेला, मग माझे स्वतःचे बूट गेले. अंधार काळाच असतो असं आपल्याला वाटतं. तिथला पांढरा होता. वर कुठं, खाली कुठं, कळेना. कुठून तरी कुजक्या अंड्यांसारखा वास येत होता आणि पायाखाली बर्फ करकरत होता, गुऱ्हाळात चरक फिरावा तसा, खोल, थांबून थांबून. वॉकीटॉकीवरून बोट म्हणाली, हेलिकॉप्टर उडू शकत नाही, खडक गाठा आणि तिथेच थांबा.

मी दोराचा अंदाज घेत पुढे सरकले. तेवढ्यात वरच्या अंगानं, माझ्या समोरून, दादांचा आवाज आला.

"ताई, पाय बघून टाका. हितं बर्फ पोकळ हाय."

मी थबकले. दादा माझ्या मागे होते. मागून दोर हलला आणि ते चाचपडत माझ्याजवळ आले. त्यांच्या मिशांवर बर्फ जमला होता.

"ऐकलंसा?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"तुम्हीच बोललात ना?"

"मी न्हाय वो बोललो..."

"प्रतिध्वनी असेल."

"कशावर आपटून? हितं आसपास भिंत न्हाय का डोंगार न्हाय. आन् मी सकाळी बोलल्यालं, ते आत्ता?"

वरून पुन्हा आवाज आला. आता तो हसत होता. दादांचंच ते हसणं, चटणीच्या गोष्टीचं. दादांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"ताई, आता तोंड उघडायचं न्हाय. जे बोलतोय त्ये ते उचलतंय. दोराला एक हिसका म्हंजे थांबा, दोन म्हंजे चला."

असं म्हणून ते मागे गेले आणि पांढऱ्यात मिटले. दोन हिसके. मी चालू लागले. धुक्यात माझा श्वास मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. मग मागून, दादांच्याही मागून, एक बाई ओरडली.

"दादा, मी पोचले. दोर सोडा!"

तो माझा आवाज होता. सकाळी ओरडले होते तितकाच दमलेला, तितकाच खुशीतला. मी किंचाळणार होते, पण तोंडावर हात दाबला. किंकाळी फोडली तर तीही ते ठेवून घेईल, असं वाटलं. आणि हातातला दोर सैल पडला.

मी तो ओढला. बर्फावरून घासत मोकळा हूक माझ्या पायाशी आला.

काय करायचं? हाक मारली तर दादांनी कुठल्या संयोगितावर विश्वास ठेवायचा, माझ्यावर की त्या आवाजावर? ते माझा आवाज ऐकून खालच्या बाजूला निघाले असणार, आणि खाली कडा होता. त्याच्याखाली समुद्र. बेटानं न ऐकलेलं काहीतरी बोलायला हवं होतं. मला सुचेना. सुचेना, आणि मग तोंडातून जे निघालं ते आपल्या स्टँडबाहेरच्या वडाप जीपवाल्यासारखं.

"चला नेसरी, नेसरी, नेसरी! एक शीट, एक शीट! गडहिंग्लज, नेसरी!"

काही क्षण नुसता वारा. मग खालून, फार लांबून, रडक्या आवाजात उत्तर आलं. "थांबवा वो गाडी... मी येतोय!"

मी ओरडत राहिले, घसा फाटेस्तोवर. ते गुडघ्यांवर रांगत आले. त्यांच्या एका पायाखालचा बर्फ निसटला होता आणि त्या भोकातून त्यांना लाटा दिसल्या होत्या. मी त्यांचा हूक अडकवला आणि त्यांची बाही सोडलीच नाही. तसेच चिकटून आम्ही खडकापर्यंत पोचलो. मागे धुक्यात कुणीतरी शिकत होतं.

"नेसरी... नेसरी... एक शीट..."

खडकाच्या आडोशाला आम्ही तोंडाला मफलर गुंडाळून बसलो. किती वेळ, देव जाणे. धुकं विरळ झालं, लांबून हेलिकॉप्टरची घरघर ऐकू येऊ लागली आणि दादांनी डोळे पुसले. तेव्हा ते शेवटचं बोललं. अगदी जवळून, खडकाच्या पलीकडून. माझाच आवाज, पण थकलेला, वयानं वाढलेला. दाबून, घाबरून बोलत होता.

"सई... दार उघडू नको. बाहेर मी नाहीये."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. मी हे कधीच म्हटलं नव्हतं. आणि सई नावाचं कुणी मला माहीतही नव्हतं.

दादा नेसरीला परतले. फोन घेत नाहीत. वैनींना विचारलं तर म्हणाल्या, "घरातबी खुणंनंच बोलत्यात. मोठ्यानं बोलाय नगं म्हणत्यात." मी ऑफिसात त्या बेटाचा नकाशा पुरा करून दिला आणि नोकरी सोडली.

पुढे दोन वर्षांनी मला मुलगी झाली. खडकापाशी ऐकलेल्या त्या नावाचं मी कुणाला काहीच सांगितलं नव्हतं. बारशाला माझी नणंद राजनंदिनी पाळण्यावर वाकली आणि बाळाच्या कानात कुर्र करून म्हणाली, "सई." बायका हसत होत्या, तिच्या पाठीवर बुक्क्या मारत होत्या. मी पाळण्याची दोरी धरून उभी राहिले, एवढंच आठवतंय.

आता ती चार वर्षांची आहे. हात दाराच्या कडीला पुरतो.

परवा दुपारी तिला कुशीत घेऊन थोपटत होते. माझाच डोळा लागला. जागी झाले तर ती उठून बसली होती, दाराकडे बघत.

"आई," ती कुजबुजली, "तू झोपलीस की मग बाहेरनं हाक का मारतीस गं? आणि नेसरी म्हणजे काय?"