बांगड्यांखालचा उजेड

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि जंतू दाखवणारा दिवा मनात आणा. आधी औषधाचा बारीक तुषार उडवायचा. तो एकाच जातीच्या जंतूला चिकटतो. मग निळा दिवा लावला, की तो जंतू जिथे असेल तिथे केशरी उजेड दिसतो. तो कुठून कुठे गेला याचा माग लागतो, म्हणून त्याचं नाव मागदीप.

मुलांच्या वॉर्डात तो सोमवारी सकाळी पहिल्यांदा लागला. पाच नंबरची खाट रिकामी होती. तिथला निहार शनिवारी गेला. ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण जखमेत जंतू शिरला. त्याची दहा वर्षांची बहीण रेवती बाबांबरोबर त्याचे कपडे न्यायला आली होती. आता नऊ नंबरच्या पिंकीलाही तसाच ताप चढला होता.

"सगळ्यांनी हात पुढे करा," डॉक्टर मुल्लाबाई म्हणाल्या.

"मुलगी बघायला आल्यासारखं वाटतंय," एक सिस्टर पुटपुटली. कोणी हसलं नाही.

सिस्टरचे हात स्वच्छ निघाले. आया इंदूमावशींचे तळवेही स्वच्छ होते. मग त्यांच्या हिरव्या बांगड्या जरा वर सरकल्या, आणि मनगटाभोवती केशरी कडं उजळलं.

"बाई, मी दहादा हात धुते हो!"

"बांगड्या काढून?"

"त्या कशा काढू? घरी मालक अंथरुणाला खिळलेत. मोकळ्या हातांनी फिरले आणि..." मावशी थांबल्या. त्यांची नजर पाच नंबरकडे गेली. रेवतीची आई ओली बाळंतीण. म्हणून नऊ दिवस निहारला पेज भरवली ती याच हातांनी.

"नियम होता, मावशी," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "पण तुमच्या बांगड्या मलाही रोज दिसत होत्या. मी बोलले नाही."

बाबांनी पिशवी उचलली. मावशींकडे न बघता ते म्हणाले, "रेवती, चल."

तेवढ्यात पिंकीने हाक मारली, "मावशी, पाणी."

मावशी भिंतीला टेकल्या. दोन्ही हात त्यांनी पदराखाली घेतले.

रेवती बाबांच्या मागे गेली नाही. तिने खोक्यातले मोठाले हातमोजे चढवले, बेसिनवरचा साबण ओला केला आणि मावशींसमोर येऊन उभी राहिली.

"हात द्या."

"नको गं बाळा. तू तरी मला शिवू नकोस."

"पिंकीला पाणी हवंय ना?"

रेवतीचे डोळे भरून आले होते, तरी तिने तो हात पदरातून ओढून घेतला, मनगटावर फेस चोळला आणि पहिली बांगडी फुटू न देता हळूहळू खाली सरकवू लागली.