झाडाखाली उभा असलेला

दादाची फर्माईश तशी साधीच होती. "ठमे, खालच्या झाडाला बहर आलाय म्हणतात. गळून जायच्या आत एक फोटो काढून आण. मला काही ही मंडळी पलंगावरून हलू देत नाहीत."

ऑपरेशन झाल्यापासून दादा दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर पडून होता. उद्या घरी सोडणार होते. आईवडील गेल्यावर या दोघा भावंडांना एकमेकांशिवाय होतं कोण? इतके दिवस तिच्या जिवात जीव नव्हता, आज कुठे जरा हायसं वाटत होतं. त्यात फोटो काढणं हा तिचा धंदाच. कॅलेंडरवाल्यांना दर वर्षी बहराचे फोटो तीच द्यायची. बहराचं काय, चार दिवसांचं कौतुक. एक जोराचा वारा आला की खेळ खलास.

दुपारी ती अंगणात उतरली तर तिथे ही गर्दी! पण तिला त्याची फिकीर नव्हती. तिने स्टँडवर कॅमेरा लावला, लेन्सपुढे उजेड कमी करणारी काळी काच चढवली आणि शटर चांगलं पाच-सात मिनिटं उघडं ठेवलं. असं केलं की येणारीजाणारी माणसं फोटोत उमटतच नाहीत, जागचं न हलणारं तेवढं उरतं. दादा नेहमी चिडवायचा, "म्हणजे तुझ्या फोटोत यायचं तर श्वास घ्यायचीही चोरी!"

फोटोत अंगण अगदी रिकामं आलं. वाऱ्याने हललेला बहर धुरकट झाला होता. आणि त्याखाली दवाखान्याचा झगा घातलेला एक माणूस पाठमोरा उभा होता. झग्याची चुणी न् चुणी स्पष्ट.

तिने मान वर केली. झाडाखाली कोणी नव्हतं.

"मावशी, इथे आत्ता कोणी उभं होतं का हो?" तिने अंगण झाडणाऱ्या बाईला विचारलं.

"कुणी नाही बाई. मी केव्हाची इथंच झाडतेय की."

तिने पुन्हा एक फोटो काढला. आता तो अर्धा वळला होता. त्याचा डावा खांदा किंचित पडलेला... लहानपणी सायकलवरून आपटल्यापासून दादाचा खांदा तस्साच होता.

ती धावत वर गेली. दादा गाढ झोपला होता. कपाळाला ऊब होती, छाती संथ वरखाली होत होती. तिला रडूच फुटलं. उगाच काहीतरी मनात आणते मी, असं म्हणून तिने डोळे पुसले. पण पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. तिने पलंगाच्या पायथ्याशी कॅमेरा लावला आणि शटर उघडलं.

फोटोत उशी होती. नीट अंथरलेली चादर होती. पलंगावर कोणी नव्हतं.

"काढलास फोटो?" दादाने डोळे उघडले होते.

"ह... हो."

तिने कॅमेरा पिशवीत कोंबला. कोणाला सांगणार, आणि सांगून खरं कोण मानणार?

दुसऱ्या दिवशी निघताना दादा हट्टाला पेटला, अंगणातून नको, मागच्या दाराने जाऊ. टॅक्सीत त्याने तिचा हात हातात घेतला. हात उबदार होता. तिला वाटलं, चूक कॅमेऱ्याची असेल, मला माझा भाऊ मिळाला ना, बस झालं.

"ठमे..."

"काय रे?"

"तो झाडाखालचा... पुसून टाक त्याला. नाहीतर उगाच मागेमागे येईल."

ते फोटो तिने कोणालाही दाखवले नव्हते. तिने पिशवीतून कॅमेरा काढला. शेवटी एक फोटो होता, तिने न काढलेला. झाडावर एकही फूल नव्हतं. सकाळीच तर तिने खिडकीतून सगळा बहर पाहिला होता. आणि तो आता लेन्सच्या अगदी जवळ आला होता. दादाचाच चेहरा, रडवेला. जीव तोडून कोणाला तरी हाक मारत असलेला.

"घरी... घरी गेल्यावर पुसते ना..."

"आत्ताच," शेजारचा हळूच म्हणाला, आणि त्याने फोटो पुसायच्या बटणावर स्वतःचं बोट ठेवलं.