सातव्या वळणावरचा झरा

रफिकला बहारीनला जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, आपला समुद्र डोंगरावरून बघायचा होता. चौलचा रफिक, काकाच्या मचव्यावर वाढलेला. समुद्र त्यानं किनाऱ्यावरून पाहिला होता, पाण्यातून पाहिला होता, एकदा तर मचवा उलटला तेव्हा खालूनही पाहिला होता. वरून तेवढा राहिला होता. त्याचं जहाज आठ दिवसांनी सुटायचं होतं. म्हणून सत्तावन्न सालच्या मे महिन्यात नागावहून तीन सायकली निघाल्या. पेण, माणगाव, महाड, पोलादपूर. आणि तिथून तो थोरला घाट, थेट महाबळेश्वरापर्यंत!

बेत अर्थात रावजीचा होता. रावजीचं नागावात सायकलीचं दुकान. वय पंचेचाळीस, पोट थोडं सुटलेलं, मिशी मात्र जागच्या जागी. दर मे महिन्यात तो, रफिक आणि गावचा पोस्टमन तुळशीराम असे तिघे कुठं ना कुठं सायकलनं जात, त्याला सहा वर्षं झाली होती, आणि सहाही वर्षं रावजी त्या घाटाची गोष्ट सांगत आला होता.

"तीन खेपा चढलोय मी. सातव्या वळणावर कातळातून झरा पडतो. बारमाही! पाणी असं गार, की दात वाजतात. आणि वर टोकाला गेलास ना, की आपला समुद्र असा ताटात वाढल्यासारखा!"

रावजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याचं सगळं तोंडी. त्याचा शब्द हाच कागद. तुळशीराम पोस्टमनला सायकल रावजीनंच शिकवली होती, पंक्चर काढायला रावजीनंच शिकवलं होतं. तुळशीराम दिवसभर लोकांचे कागद वाटत फिरे, पण विश्वास ठेवायचा तो रावजीच्या शब्दावर. तिघांचा एक नियम होता, तोही रावजीनंच घातलेला: पुढचा असेल त्यानं वळणावर थांबायचं. मागच्याची सायकल ऐकू आल्याशिवाय हलायचं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिघे पोलादपूरला चहाच्या हॉटेलात बसले होते. बसलेच होते! आठ वाजले, नऊ वाजले, कोणी हलेना. हॉटेलवाल्या दादूला राहवलं नाही.

"अवो, घाट चढायचा तर पहाटं निघायचं. आता ऊन काय म्हणंल?"

"आमी दर्याकाठची माणसं हाव," रावजी म्हणाला. "वाऱ्याचं आमाला शिकवू नको. अकराला खारा वारा सुटला की आपसूक वर."

यात रावजीची एकट्याची चूक नव्हती, हे नंतर तुळशीरामनं मनाशी कबूल केलं. नागावात अकराच्या सुमारास समुद्रावरून वारा सुटतो आणि पूर्वेला निघालेल्या सायकलवाल्याला पाठीवर हात ठेवून ढकलत नेतो. तुळशीराम रोजचं टपाल त्याच हिशेबानं वाटायचा. रफिक तर शिडाच्या घरातला. तिघांनाही वाटलं, वारा सगळीकडे वाराच असणार. साडेअकराला तिघे निघाले. दादू कपाळावर हात मारून घेत आत गेला.

वारा घाटात शिरलाच नाही.

डोंगरांच्या घड्यांत हवा कढईतल्यासारखी तापून उभी होती. साग, ऐन, सगळी झाडं पानगळीनं उघडी पडलेली. सावली म्हणून जी काही होती, ती जाळीदार चाळणीसारखी. वैशाखातला पाचोळा चाकाखाली पापडासारखा मोडत होता. रस्ता खडीचा. वळण आलं की पायडलवर उभं राहायचं, अंगाचं सगळं ओझं एका पायावर टाकायचं, मग दुसऱ्या. वळण संपलं की उतरून ढकलायचं. हँडल हाताला चटके देत होतं. पहिली तीन वळणं गप्पांत गेली. चौथं शिव्यांत. पाचवं धापांत.

पाणी एका कॅनव्हासच्या छागलीत होतं, आणि छागल रावजीच्या हँडलला. पंप रावजीच्या पिशवीत. तिघांत एकच पंप, दुरुस्तीचं सगळं उस्तादाकडे. पाचव्या वळणावर रावजीनं छागल सोडली.

"प्या पोटभर! आता दोन वळणांवर झरा. जुनं पाणी कशाला वर वाहायचं?"

तिघांनी छागल रिकामी केली. शेवटचे घोट तर रफिकनं डोक्यावर ओतले! तुळशीरामला ते पाणी रफिकच्या कानामागून ओघळून धुळीत पडताना दिसलं, आणि पुढं कितीतरी वर्षं दिसत राहिलं.

सातव्या वळणावर कातळ होता. त्याच्यावर काळा डाग होता, आणि डागाच्या कडेला वाळून कुरकुरीत झालेलं शेवाळ. रावजीनं त्याला हात लावला. शेवाळ भुगा होऊन पडलं.

"यंदा आटला वाटतं," रावजी म्हणाला. मान वर केली नाही.

तेवढ्यात खालून लॉरीचा आवाज आला. पेणचं मीठ भरलेली लॉरी, धापा टाकत, पहिल्या गिअरात. ती वळणावर आली, थांबली, आणि खिडकीतून तिच्या ड्रायव्हरनं, काळूरामनं, डोकं काढलं. चेहरा ओळखीनं फुललेला!

"काय रावजीशेट! आज पण सायकल वर टाकू का?"

तुळशीराम आणि रफिक एकदम त्याच्याकडे वळले.

"अवो, असं काय बघताय? तीन खेपा नेलंय तुमाला. एकदा आषाढात नाय का, ह्याच कातळावर ओघळ पडत व्हता, तवा तुमी म्हणालात, थांब काळूराम, तोंड धुतो!"

"आषाढात," तुळशीराम म्हणाला.

"मग! पावसातला ओघळ तो. दिवाळीपत्तुर पण टिकत न्हाय."

तुळशीराम रावजीकडे बघत राहिला. सहा वर्षं! सहा वर्षं तो हे ऐकत आला होता, बायकोला सांगत आला होता, टपालाच्या ओट्यावर चार लोकांना सांगत आला होता, की आमचा रावजीदादा तो घाट तीनदा चढलाय.

"दादा, तू एकदा तरी चढलास का?"

रावजीच्या मिशीला घाम लागला होता. "वळणं तर मोजलीत ना मी," तो म्हणाला. "बसून मोजली, म्हणून काय खोटी व्हतात?"

"पोत्यांवर एका सायकलीपुरती जागा हाय," काळूराम म्हणाला. "माणसं मात्र दोन-तीन बसतील. या."

"आमच्या सायकली सोडून आम्ही यायचं न्हाय," तुळशीराम ताडकन म्हणाला. "आम्ही चढणार!" रफिकला त्यानं विचारलंसुद्धा नाही. रागाला तेवढी सवड नसते.

रावजी घुटमळला. मग त्यानं सायकल वर दिली. "मी वर जाऊन छागल भरून आणतो. तासात येतो. तासात, आईशपथ!"

लॉरी गेली. धूळ बसली. रिकामी छागल गेली, आणि पंपाची पिशवीही गेली, हे तुळशीरामच्या ध्यानात आलं ते नवव्या वळणावर. फट्! मागचं चाक बसलं.

"पंप?" रफिकनं विचारलं.

"मिठाबरोबर गेला."

तुळशीरामनं टायर एका बाजूनं सोडवलं, ट्यूब काढून कमरेला गुंडाळली आणि रस्त्याकडेचं वाळकं गवत पिळून पिळून टायरात कोंबलं. भाताच्या पेंढ्यानं हे करतात, हेही रावजीनंच शिकवलेलं. ज्यानं दगा दिला त्याचीच विद्या बोटांत यावी, याचा त्याला जास्त राग आला. गवत घट्ट बसलं. चाक फिरलं.

तास झाला. दीड तास झाला. वरून कोणी आलं नाही.

अकराव्या वळणावर रफिक गप्प झाला. बाराव्यावर तो हसला. तुळशीरामनं वळून बघितलं. रफिकचा चेहरा लाल, कोरडा. घामाचा टिपूस नाही.

"तुळशी, शीड उतरव. वारा फिरला."

"कसलं शीड? रफिक!"

"काका ओरडंल रे. उतरव पटकन!"

आणि रफिक सायकलीसकट कलंडला.

अंग भट्टीसारखं तापलेलं! तुळशीरामनं त्याला खेचून कातळाच्या बुडाशी टीचभर सावलीत नेलं, शर्ट काढून वारा घातला. वर बघितलं. घाटमाथा अजून कोसभर लांब, पांढुरक्या धुरळ्यात. खाली पोलादपूर दिसतही नव्हतं. रावजीची वाट बघायची? ज्याचा बारमाही झरा खोटा निघाला, त्यानं दिलेल्या तासाची?

"न्हाय," तो मोठ्यानं म्हणाला. "आता त्याच्या शब्दावर एक पाऊलसुद्धा न्हाय."

मग त्याला रस्त्यावर शेण दिसलं. हिरवं. ओलं! त्यावर माश्या होत्या. ओल्या शेणाची गुरं जवळच पाणी पिऊन आलेली असणार! शेणाच्या बाजूनं खुरांची वाट रस्ता सोडून खालच्या ओहोळाकडे उतरली होती.

त्यानं रफिकला सायकलच्या दांडीवर आडवा घातला, एका हातानं त्याला धरलं, दुसऱ्यानं हँडल. उतार तीव्र. ब्रेक दाबून दाबून रबरं तापली, करपल्याचा वास आला. काटेरी करवंदीच्या जाळ्या पिंढऱ्या ओरबाडत होत्या. एकदा पाय घसरला, तिघेही दगडांत गेले, तो, रफिक आणि सायकल. तो उठला. रफिकला उचललं. सायकलीला तिथंच सोडलं. खाली घंटा वाजत होत्या!

ओहोळाच्या कोरड्या वाळूत एक म्हातारी धनगरीण बसली होती. वाळूत हातभर खड्डा, त्याच्या तळाशी झिरपून साठलेलं ओंजळभर पाणी, आणि म्हातारीच्या हातात नारळाची करवंटी. ठमाबाई तिचं नाव. तिनं दोघांकडे पाहिलं आणि उठायच्या आधी शिव्या घातल्या.

"या वक्ताला घाट चढतं का कुनी? माणसं हायसा का बैल? बैल पन दुपारी बसतो!"

पण हात तिचे चालू होते. लुगड्याचा पदर भिजवून तिनं रफिकच्या मानेवर, काखेत घातला. एक करवंटी, मग थांबायचं, खड्डा पुन्हा भरायचा, मग दुसरी. ती गटागटा पिऊ देईना. नंतर तिनं गाडग्यातलं ताक काढलं, त्यात मिठाचा खडा चुरला. तुळशीराम खड्ड्याकडे बघत बसला. हा खरा झरा होता. त्याला नाव नव्हतं आणि वळणही नव्हतं.

बऱ्याच वेळानं रफिकच्या कपाळावर घाम फुटला. तुळशीरामनं तो घाम बोटानं टिपला आणि त्याचे डोळे भरून आले.

"वर जायचं का रे?" रफिकनं क्षीण आवाजात विचारलं. "समुद्र राहिला."

"समुद्र कुठं पळतोय? तू राहा."

ऊन कलल्यावर ते वाटेत टाकलेली सायकल घेऊन रस्त्यावर आले. आणि वरून मडगार्डचा खडखडाट आला. रावजीच्या सायकलचं मडगार्ड वर्षभर सैल होतं, दुकानदाराची सायकल! रावजी भन्नाट उतरत होता, हाका मारत, घसा बसलेला. छागल भरलेली, ठिबकत होती.

"तुळशी! रफिक! पाणी आणलंय रे..."

चार तास झाले होते. तो वर हॉटेलात बसून राहिला होता, ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तेवढं अक्षर तुळशीरामला वाचता येत होतं. रावजीची लाज त्याला खाली येऊ देत नव्हती, आणि लाजेपायी एक माणूस मरणार होता.

रावजीनं छागल पुढं केली. तुळशीरामनं तिच्याकडे पाहिलं नाही.

"पंप दे," तो म्हणाला.

रफिकनं मात्र विचारलं, "रावजीभाय, वरून दर्या दिसला?"

रावजीनं छागल परत हँडलला अडकवली.

"न्हाय," तो म्हणाला. "धुरळाच धुरळा. काय बी दिसलं न्हाय."

"चला," रफिक हसला. "एक तरी खरं बोललास."

ते खाली उतरले. तुळशीराम पुढं होता. प्रत्येक वळणावर तो थांबला. मागं वळून पाहिलं नाही, पण मडगार्ड ऐकू आल्याशिवाय हललाही नाही. नियम नियम होता. बोलला मात्र एक अक्षर नाही. पोलादपुरात नाही, महाडात नाही, नागावच्या वेशीतही नाही.

रफिक गेला. पावसाळा लागला. आणि एके दिवशी टपालाच्या पिशवीतून बहारीनचं पत्र निघालं, वर नाव रावजीचं! तुळशीराम ते तीन दिवस खिशात घेऊन फिरला. अशी चूक त्यानं नोकरीत कधी केली नव्हती. चौथ्या दिवशी तो दुकानाच्या पायरीवर उभा राहिला.

रावजीनं पत्र उलटंसुलटं केलं आणि परत पुढं केलं. त्याला वाचून दाखवणारं दुसरं कोण होतं? तुळशीराम ओल्या पायरीवर बसला आणि कोरड्या आवाजात वाचू लागला.

"जहाज बंदराबाहेर पडलं तेव्हा रात्री पाऊस होऊन गेलेला. थळ दिसलं, कनकेश्वराचा डोंगर दिसला, आणि त्याच्या मागं लांब निळी रेघ. मी ह्या बाजूनं वळणं मोजायला लागलो. सातवं सापडेना, बारावं सापडलं. तुम्ही दोघं जा एकदा. पहाटे निघा. वरून मी दिसलो नाही तरी हात करा."

पत्र संपलं. वळचणीचं पाणी गळत राहिलं. रावजीनं हातातलं फडकं चारदा पिळलं.

"पहाटं," त्यानं खालच्या मानेनं विचारलं, "किती वाजता?"

तुळशीरामनं पत्राची घडी घातली, त्याच्या हातात दिली, आणि सायकलवर टांग टाकली.

"चार," तो म्हणाला. "छागल माझ्याकडं राहील. आणि पंप पण."