थोरली बगळी कुठं गेली?

पाववालीनं विमानाचं दार ढकललं, टोपली खाली ठेवली आणि हाक मारली, "डॉन एर्लान, पाव आणलेत!"

पुढं पायलटच्या खुर्चीत डॉन एर्लानची पाठ दिसत होती. ती जवळ गेली. कंबरेचा पट्टा कसून बांधलेला, हात मांडीवर, आणि मागून डोकं नारळासारखं फुटलेलं.

बाई पाव तिथंच टाकून पळाली. एल आल्तोच्या धावपट्टीला लागून जो धुळीचा रस्ता जातो, त्यावर बोंब मारत सुटली. पोलीस येईस्तोवर निम्मी वस्ती जमली होती.

हे विमान म्हणजे आता खानावळ. पंख निम्मे कापलेले, इंजिनं काढून विकलेली, आत टेबलं मांडलेली. शेपटीवर एक पांढरा बगळा तेवढा रंगवलेला राहिला होता. डॉन एर्लानची 'आएरो गर्सा' नावाची कंपनी होती, आणि गर्सा म्हणजे बगळा. विमानं दोनच, एका साच्यातली जुळी. थोरली बगळी माणसं न्यायची. धाकटी खालच्या बेनीच्या कुरणांतून कापलेल्या बैलांचं मांस इथं डोंगरावर आणायची. पुढं पक्का रस्ता झाला, मांस ट्रकनं यायला लागलं, कंपनी बसली. थोरलीला गिऱ्हाईक मिळालं. ती पोचवायला दोन पायलट निघाले आणि ती बर्फाच्या डोंगरावर पडली, आतले दोघं खलास. कप्तान पिऊन होता असं चौकशीत ठरलं. त्याला सहा वर्षं झाली. मागं राहिली धाकटी, तिची ही खानावळ. एवढं आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

इन्स्पेक्टर नीफा नोए धापा टाकत शिडी चढली. मूळची बेनीची बाई, बाप कसाई. बारा वर्षं झाली तरी इथली हवा तिला मानवत नव्हती. दम लागू नये म्हणून गालात कोकाची पानं धरून ती मढ्याभोवती एक फेरी मारून आली.

"चुकिमिया," ती हवालदाराला म्हणाली, "मेल्यावर पट्टा कोण बांधतं रे?"

"मारायच्या आधी बांधला असेल, बाई."

"मग तो गप बसला असता होय? आधी मारलं, मग बांधलं. कुणाला तरी हा त्या खुर्चीत बसलेला हवा होता. पायलटसारखा."

गल्ला शाबूत होता. चोरी नाही. नीफा वाकून जमीन बघत मागं गेली. फळ्यांचे स्क्रू सगळे तेलकट, काळे, खाचांत सहा वर्षांचा मळ. मोरीजवळच्या एकाच फळीचे मात्र लख्ख. कुणीतरी नुकतेच काढून परत बसवलेले.

"हे बघितलंस? बोलू नकोस कुणाशी. बायकोशीसुद्धा."

बाहेर खानावळीची स्वयंपाकीण सेवेरा पायरीवर बसली होती; मानानं सगळे तिला दोन्या सेवेरा म्हणत. तिचा मुलगा लिम्बर त्या पडलेल्या विमानात दुसरा पायलट होता. तो गेल्यावर डॉन एर्लाननं तिला इथं कामाला ठेवलं. देवमाणूस म्हणायचे लोक त्याला.

"शेवटचा कधी पाहिलास त्याला, दोन्या सेवेरा?"

"काल संध्याकाळी. मी निघाले तेव्हा त्या खुर्चीत बसून सिंगानी दारू ढोसत होता. रोजचंच."

"कुणाशी वैर?"

गर्दीतूनच कुणीतरी ओरडलं, "कप्तानाची पोरगी! परवा येऊन धमकी देऊन गेली! आम्ही ऐकलंय!"

"तू ऐकलंस, सेवेरा?"

"मला कुणाचं नाव घ्यायचं नाही," सेवेरा म्हणाली आणि शालीचा पदर तोंडाला लावला.

दुपारच्या आत मोठ्या साहेबानं कप्तान आउस्बेर्तोच्या लेकीला, युबिन्काला, उचलून कोठडीत टाकलंसुद्धा. पत्रकार दारात उभे होते, साहेबाला घाई होती. नीफाला म्हणाला, "संध्याकाळपर्यंत कागद तयार कर. पोरगी सान पेद्रोच्या तुरुंगात गेली पाहिजे." तिथं गेलेला माणूस खटला उभा राहीपर्यंत म्हातारा होतो, हे सगळ्यांना ठाऊक.

युबिन्का गजांना धरून उभी होती. डोळे कोरडे, जबडा आवळलेला.

"तू मारलंस?"

"नाही. आणि त्याचंच दुःख आहे."

"परवा काय म्हणालीस त्याला?"

"म्हणाले, ज्या दिवशी कळेल तू काय केलंस, त्या दिवशी तुझी कातडी सोलेन."

"काय कळायचं होतं?"

"माझा बाप दारूला शिवत नव्हता, बाई. पोटात अल्सर होता. आणि मला एक सांगा, ह्या एर्लानकडं स्वतःचे पायलट पगार खात बसलेले. मग शेवटच्या एका फेरीला सुक्रेहून माझ्या बापाला कशाला बोलावलं? ज्यानं ते विमान कधी बघितलंही नव्हतं?"

"आणि दुसरा पायलट? लिम्बर?"

"तोही नवाच. पायलटच्या शाळेतून नुकताच आलेला. बिचाऱ्याचा पहिला आणि शेवटचा दिवस."

नीफा गालातली पानं ह्या बाजूची त्या बाजूला करत राहिली. तेवढ्यात चुकिमिया झाकणाचं भांडं घेऊन आला. "कैद्यासाठी सूप आलंय. दोन्या सेवेरानं पाठवलंय."

युबिन्का हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "सेवेरानं? विष असेल त्यात. सहा वर्षं ती बाई मला बाजारात बघितलं की थुंकते. माझ्या बापाच्या थडग्यावरच्या क्रुसावर खरकटं पाणी ओतून येते. 'तुझ्या दारुड्यानं माझा लिम्बर खाल्ला', हेच एक गाणं."

नीफानं आधी स्वतः घोट घेतला. शेंगदाण्याचं सूप, वरून टोमॅटो-मिरचीची याहवा चटणी. सूप झकास. चटणी मात्र तिनं जीभ टाळ्याला लावून पुन्हा चाखली.

"पी पोरी. विष नाही त्यात," ती म्हणाली. "दुसरंच काहीतरी आहे."

तिथून ती सरळ विमानात गेली. सेवेराच्या ओट्यापाशी उभी राहून इकडंतिकडं बघितलं. मग चुकिमियाला ती लख्ख स्क्रूची फळी उचलायला लावली आणि बॅटरी घेऊन पालथी पडली.

"काय दिसतंय, बाई?"

"हेअरपिना. जपमाळेचे मणी. शेंगांची टरफलं. तान्ह्या पोराचा एक मोजा."

"मग?"

"मग पत्रा बघ, गाढवा! हिरवा रंग जसाच्या तसा. नख मारलं तर ओरखडा नाही."

"चांगलं आहे की."

"हेच तर वाईट आहे. चल, मिस्त्रीला उचलू."

प्लासिदो मिस्त्री कंपनीचा जुना माणूस. खून झाला त्या संध्याकाळी तो दारूच्या गुत्त्यात वीसेक माणसांसमोर पितळी बेडकाच्या तोंडात चकत्या टाकायचा खेळ खेळत होता, आणि हरत होता. खुनी तो नव्हताच. तरी नीफाला बघून त्याच्या हातातला पाना पडला.

"प्लासिदो, खानावळीचं विमान कुठलं?"

"धाकटी. मांसवाली."

"किती वर्षं मांस वाहिलं तिनं?"

"असतील दहा."

"मी कसायाची पोर आहे. बेनीत विमानं भरताना बघतच वाढले. ताजं मांस, खाली रक्ताचा चिखल. फळ्यांमधून रक्त खाली उतरतं, कितीही धुवा. दहा वर्षांत पोटाचा पत्रा गंजून पापडासारखा होतो. खरं की खोटं?"

"खरं."

"मग ह्या धाकटीचं पोट लेकराच्या गालासारखं कसं?"

प्लासिदो पडलेला पाना उचलायला वाकला.

"दोन्ही विमानांचे नंबर अदलाबदल करून कुणी रंगवले?"

"माझ्याकडून करवून घेतले, बाई! दाराजवळची नंबराची पट्टीसुद्धा. एका दिवसात. गिऱ्हाइकाला चांगलं विमान दाखवलं, आणि दिलं सडकं. चांगल्याची इंजिनं तो मागून सुटी विकणार होता. फळ्या नव्या टाकल्या, क्रिओलिन शिंपडलं, चुना मारला. पण मांसाचा वास जाईना. आमचा कुठलाही पायलट आत पाय ठेवताच नाकानं ओळखलं असतं. म्हणून..."

"म्हणून परके बोलावले."

"पडावं असं त्याच्या मनात नव्हतं हो! नुसतं विकायचं होतं. ती डोंगरावर मोडली, तर हा म्हणाला, गप बस, विमाही मिळेल. आणि कप्तान पीत होता असं मला बोलायला लावलं."

"आणि तू बोललास."

"बोललो."

संध्याकाळी सेवेरा भांडं न्यायला चौकीत आली. नीफानं तिला कोठडीसमोरच्या बाकावर बसवलं. गजांच्या आत युबिन्का, दाराशी चुकिमिया, आणि कोपऱ्यात मान खाली घालून प्लासिदो.

"सूप छान होतं," नीफा म्हणाली. "चटणी मात्र मिक्सरची. अख्खं एल आल्तो तुझ्याकडं येतं ते पाट्यावरच्या याहवासाठी, दोन्या सेवेरा. आज काय झालं? मी तुझा ओटा बघून आले. पाटा आहे. वरवंटा कुठाय?"

सेवेरानं हात मांडीवर ठेवले.

"बरं, ते राहू दे. सूप आणलंस कुणाला? हिला. सहा वर्षं हिच्यावर थुंकलीस. हिच्या बापानं तुझा पोरगा मारला म्हणून. आज ही तुरुंगात निघाली तर तू देवापुढं मेणबत्ती लावायला हवी होतीस. तर तू शेंगदाणे सोलत बसलीस! म्हणजे काल-आजात तुला कळलं होतं की हिचा बाप निर्दोष आहे. कुठून कळलं? नंबर बदलल्याचं ह्या प्लासिदोनं कबूल केलं तेच दुपारनंतर. फळीखालचं मी कुणाला बोलले नाही. ते फक्त त्यालाच माहीत, ज्यानं फळी उचलली. मोरी तुंबली होती ना काल?"

मग सेवेरा बोलली, अगदी घरातलं काही सांगावं तशी.

"तुंबली होती. म्हटलं आपणच बघावं. लिम्बर लहान असताना मी मांसाची विमानं धुवायचे, बाई. गुडघ्यावर बसून, बादल्याच्या बादल्या. त्या पोटांचा वास माझ्या अंगातून अजून जात नाही. फळी उचलली, आणि आत स्वच्छ. म्हटलं ही थोरली आहे. मग माझं लेकरू कशात बसून गेलं?"

"मग?"

"फळी परत लावली. गिऱ्हाईक पडायचं कुणीतरी. तो आला, खुर्चीत बसला, बाटली उघडली. मी विचारलं. खोटं तरी बोलायचं ना माणसानं! तो म्हणाला, 'सहा वर्षं झाली, सेवेरा. तुला काम दिलं ना मी?'"

तिनं मान वर केली.

"सहा वर्षं मी त्याला हातानं वाढलं. वरवंटा हातातच होता."

"आणि पट्टा?"

"माझा लिम्बर पट्ट्यासकट सापडला होता. म्हटलं, तूही तसाच बस. उड आता." तिनं डोळे पुसले नाहीत. "वरवंटा पंखात आहे, इंजिनाच्या भोकात टाकलाय. आज तुम्ही पोरीला सोडलं नसतं तर मी उद्या येणारच होते."

"उद्या उशीर झाला असता," नीफा म्हणाली. तिनं चुकिमियाकडं बघितलं. त्यानं कोठडीचं कुलूप काढलं.

युबिन्का बाहेर आली. सेवेरासमोर उभी राहिली. सेवेरा तिच्या पायाला हात लावायला वाकली, तर हिनं पाय मागं घेतला.

"पोरी, मी तुझ्या बापाच्या क्रुसावर..."

"माफी मागू नकोस. मिळायची नाही. तू माझा माणूस मारलास. तो माझ्या वाट्याचा होता."

"हो," सेवेरा म्हणाली. "घाई केली मी. पण सगळं संपवलं नाही. नंबर रंगवणारा तो बघ कोपऱ्यात. बापाला दारुड्या म्हणणाराही तोच. तो तुझ्यासाठी सोडलाय."

युबिन्कानं सावकाश मान वळवली. नुसतं बघितलं, बाकी काही नाही. प्लासिदो भिंतीला चिकटला, सरकत सरकत कोठडीच्या उघड्या दारापाशी आला आणि स्वतःच आत शिरला.

"कुलूप लावा, बाई," तो नीफाला म्हणाला. "माझा जबाब घ्या, काय कलम लावायचं ते लावा. पण आधी कुलूप लावा."

चुकिमियानं किल्ली फिरवली. युबिन्का तिथंच उभी होती.

"ह्याला किती होतील?" तिनं विचारलं.

"फसवणूक, खोटी साक्ष," नीफा म्हणाली. "पाच वर्षं. फार तर सात."

"होऊ देत," युबिन्का गजांच्या जवळ तोंड नेऊन म्हणाली. "मला अजून तिसावं पण लागलेलं नाही."